साहेबांचं मत आणि अगरबत्तीची काडी

लोकशाहीत एका मताची ताकद डोंगर हलवू शकते, असं आमचे साहेब दर सभेत सांगायचे. डोंगर आमच्या भागात बरेच आहेत. जिवतीकडे गेलं की दुसरं काही दिसत नाही. त्यातला एकही हललेला मी पाहिला नाही. पण साहेबांच्या एका मतासाठी माणसं हललेली मात्र पाहिली.

त्या दिवशी सकाळी दोन पार्ट्या एकाच वेळी चंद्रपूरच्या ऑफिसात आल्या. एक दिल्लीची, एक जवळच्या मूल गावची. मी दिल्लीच्या पार्टीला आतल्या अँटीचेंबरमध्ये एसीखाली बसवलं आणि मूलच्या पार्टीला बाहेरच्या खोलीत पंख्याखाली. विरोधी पार्ट्या समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत, हा पीएच्या धंद्यातला पहिला नियम. साहेब दोघांनाही "पाहतो" असंच म्हणतात. दोघांनी ते एकाच वेळी ऐकलं तर पंचाईत होते.

साहेब खासदार. कोणते, ते विचारू नका. ते अजून राजकारणात आहेत आणि मी अजून याच गावात राहतो. मी वासेकर, वीस-बावीस वर्षं त्यांचा पीए होतो. खासदाराकडे लोक कशाला येतात, याची बाहेर भलती कल्पना असते. वेटिंगचं तिकीट कन्फर्म करा, पोलीस स्टेशनला फोन लावा, पोराची बदली थांबवा, तेराव्याला या. एवढ्या वर्षांत देशाच्या धोरणावर साहेबांचं मत विचारायला कोणी आलं नव्हतं. त्यांच्या घरचेही विचारत नसत.

आणि आज दोघं एकदम आले होते.

दिल्लीच्या मेहरा मॅडम पब्लिक अफेअर्स कन्सल्टंट होत्या. म्हणजे कंपन्यांच्या वतीने मंत्री, खासदार, सेक्रेटरी यांना भेटून पटवायचं काम. यालाच लॉबिंग म्हणतात. आमच्याकडे हे काम चहाच्या टपरीवर फुकटात होतं. मॅडमचे क्लायंट होते मोठे अगरबत्ती एक्स्पोर्टर. त्या वेळी आपल्या सरकारची एका दूरच्या देशाशी फ्री ट्रेड अ‍ॅग्रीमेंटची बोलणी चालू होती. परदेशी माल देशात येताना सीमेवर जो कर लागतो त्याला ड्यूटी म्हणतात. असा करार झाला की दोन्ही देश एकमेकांच्या मालावरची ड्यूटी कमी करतात किंवा काढून टाकतात. एक्स्पोर्टरांना आपल्या अगरबत्त्या तिकडे बिनड्यूटीच्या जायला हव्या होत्या. म्हणून करार व्हायला हवा होता. म्हणून मॅडम चंद्रपूरच्या उन्हात आल्या होत्या.

त्यांनी सोबत एक बुके, एक लॅपटॉप आणि त्या देशाच्या दूतावासाचं एक मोठं कॅलेंडर आणलं होतं. बुके दुपारपर्यंत वाळला. कॅलेंडर मी बाहेरच्या खोलीत टांगलं. छान होतं. बर्फाचे डोंगर होते त्यावर. मे महिन्यात लोक कामं विसरून त्याच्यासमोर उभे राहायचे.

लॅपटॉपमध्ये एक तक्ता होता. त्यात खासदारांची नावं आणि प्रत्येकापुढे एक रंग. कराराच्या बाजूचा तो हिरवा, विरोधातला लाल. साहेबांच्या नावापुढे पिवळा होता.

"ये पीला क्या है?" साहेबांनी विचारलं.

"अनडिसायडेड, सर. आप अभी सोच रहे हैं."

आपण विचार करत आहोत हे साहेबांना तेव्हाच कळलं. ते फार खूश झाले.

बाहेर विनोदभाऊ बसले होते, मांडीवर अगरबत्तीच्या कोऱ्या काड्यांची एक जुडी घेऊन. अगरबत्तीत मसाला असतो, पण मसाल्याच्या आत बांबूची काडी लागते, आणि ती वेगळी तयार करून विकली जाते. विनोदभाऊंचा मूलला काड्यांचा छोटा कारखाना होता. शिवाय जिवतीकडे जंगलातल्या एका गावात त्यांनी काडी केंद्र काढलं होतं. बांबू गावच्या जंगलातला, मशीन विनोदभाऊंचं, काम गावातल्या बायांचं. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यात थोडे दिवस चालतो, मोहफुलांचाही. काडी वर्षभर चालते. त्या बायांच्या हातात बाराही महिने काम देणारी गावातली ती एकच गोष्ट होती.

साहेबांपुढे विनोदभाऊंनी जुडी टेबलावर ठेवली.

"साहेब, मागं पूर्वेकडच्या देशायसंगं करार झाला. जहाजं भरभरून काड्या आल्या. माह्यावाला पहिला कारखाना त्याच्यातच बसला. आता हा दुसरा करार. हे केंद्र बी बसलं तर त्या बाया कुठी जातीन? मी कोन्त्या तोंडानं गावात जाऊ?"

"मंग मी काय करू?"

"मत द्या ना साहेब, विरोधात. तुमचं एक मत बम मोठं हाय."

"पाहतो," साहेब म्हणाले, पण नेहमीसारखं नाही. जरा थांबून, खिडकीबाहेर पाहून म्हणाले.

दोन्ही पार्ट्या गेल्यावर मी दार लोटलं.

"साहेब, एक सांगू काय? व्यापार करारावर संसदेत मतदान होतच नाई."

वाचकांनाही हे सांगून टाकतो, कारण पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही ते माहीत नसतं. परदेशाशी करार करणं हे सरकारचं काम. बोलणी सरकार करतं, सही सरकार करतं. बोलणी चालू असताना मसुदा गुप्त असतो, खासदारालाही दाखवत नाहीत. ड्यूटी बदलली की एक अधिसूचना निघते आणि नंतर तिचा कागद सभागृहासमोर ठेवतात. एखादा कायदाच बदलावा लागला तर गोष्ट वेगळी. एरवी खासदाराला कराराची बातमी आपल्याबरोबरच टीव्हीवर कळते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मले माहीत नाई काय ते?"

"मंग सांगून टाकू त्यायले?"

"काऊन? वासेकर, आजवर कोनी मले विचारलं काय, साहेब तुमचं मत काय म्हनून? आता विचारून राह्यले, तर तुमी दार लावून राह्यले."

मेहरा मॅडमना पुढच्या खेपेला मी जिन्यात गाठलं. "मॅडम, वोटिंग तो होती नहीं."

"आय नो, सर," त्या हसून म्हणाल्या. "लेकिन हमारी फर्म का हेड ऑफिस बाहर है. वहाँ पार्लमेंट में वोट होता है. उनको हर महीने शीट चाहिए."

म्हणजे मत नाही हे साहेबांना माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, मलाही माहीत होतं. विनोदभाऊंना माहीत नव्हतं, आणि ज्याला खरोखर काही गमावण्याची भीती होती असा माणूस तो एकच होता.

पुढचे काही महिने साहेबांच्या आयुष्यातले सर्वोत्तम होते. हिरव्याकडे झुकले की विनोदभाऊंची माणसं धावत यायची. लालकडे झुकले की मॅडमचं विमान नागपूरला उतरायचं. नागपूरच्या मोठ्या हॉटेलात चर्चासत्र झालं, त्यात साहेब "जागतिक व्यापार" या विषयावर बोलले. भाषण मी लिहिलं होतं. जागतिक व्यापाराशी माझा संबंध चिनी मोबाइलपुरता होता. वरोऱ्याला लघुउद्योजकांनी सत्कार केला, शाल दिली. ती भर उन्हाळ्यात अंगावर घेऊन साहेब तासभर बसले. कोणी भूमिका विचारली की म्हणायचे, "अभ्यास सुरू आहे." पिवळं राहण्यात फायदा आहे हे त्यांच्या इतकं लक्षात आलं होतं की एकदा मॅडमनी तक्त्यात त्यांना हिरवं केलं, तर साहेबांनी मला मॅडमना फोन करून रंग परत मागायला लावला.

दोन्ही पार्ट्यांना मी नियमाप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी बोलवत होतो. चुकून एकाच दिवशी आल्या तर वेगवेगळ्या खोल्यांत. या बाबतीत माझ्या कामात कधी कसूर झाली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी विनोदभाऊंनी साहेबांना त्या गावच्या ग्रामसभेला नेलं. बायाच सांगतील म्हणाले. मीही गेलो.

त्या गावात ग्रामसभेची एक पद्धत आहे. तिथे मतदान करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसतात. एक म्हातारी जरी "नाई" म्हणाली तरी ठराव पुढे जात नाही, तिला पटवावं लागतं किंवा ठराव बदलावा लागतो. खुर्च्याही नसतात. साहेबांसाठी विनोदभाऊंनी प्लास्टिकची एक खुर्ची आणली होती, पण सगळे चटईवर बसलेले पाहून साहेबांनाही खाली बसावं लागलं. बसताना मी एक हात धरला, ड्रायव्हरने दुसरा.

सभेचं बघायचे ते दसरूभाऊ, वयाने मोठे, बोलायला कमी. बांबू तोडीचे, मासेमारीचे विषय झाले. मग काडी केंद्र सांभाळणाऱ्या मैनाबाई उभ्या राहिल्या.

"भाऊ, आमी ऐकलं का बाहेरून काड्या येऊन राह्यल्या. आल्या तर केंद्र बंद. तुमी मोठे मानसं. तुमचं काय म्हनणं हाय ते सांगा. पाहतो नका म्हनू. पाहतो त आमी बी."

सगळे हसले. साहेबांना हशा सहन होत नाही. ते उठले, या वेळी कोणाचा हात न धरता.

"माझ्या मायबहिनींनो," ते म्हणाले, "या कराराच्या विरोधात मत देणारा पहिला हात माझा असेल!"

आणि त्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. विनोदभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोहाच्या झाडाकडे पाहत राहिलो.

"कोनत्या दिवशी?" मैनाबाईंनी विचारलं.

"अं?"

"मत कोनत्या दिवशी देता? आमी पाहाले येतो दिल्लीले. वरतून बसून पाहाता येते म्हन्ते विनोदभाऊ."

"तारीख आली की वासेकर कळवतील," साहेब म्हणाले.

सगळं गाव माझ्याकडे वळलं. सभा संपताना दसरूभाऊंनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "सभेत जो बोलला त्यानं ते पाळाचं. नाई पाळलं त दंड." ते आमच्यासाठी खास नव्हतं. प्रत्येक सभेच्या शेवटी म्हणतात.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी, जिथे रेंज येते तिथून, मैनाबाईंचा फोन यायचा. "वासेकरभाऊ, तारीख आली काय?" मी म्हणायचो, अजून नाही. दिल्लीला कोणी जायचं हे ठरवायला त्यांना दोन सभा लागल्या, कारण त्यावरही एकमत व्हावं लागलं. पावसाळी अधिवेशन झालं. हिवाळी अधिवेशन झालं. "थंडी लय असते काय तिथी? घोंगडं आनावं लागते काय?" त्यांनी एकदा विचारलं. मी साहेबांना म्हटलं, आता सांगून टाका. साहेब म्हणाले, "पुढच्या अधिवेशनात म्हना." मॅडमच्या तक्त्यात साहेब आता लाल होते, म्हणून त्याही महिन्यातून दोनदा फोन करत होत्या. साहेबांना ते लालही आवडायला लागलं होतं.

करारावर सही झाली ती महाशिवरात्रीच्या सुमारास. अधिवेशनाला मधली सुट्टी होती. साहेब त्या दिवशी मार्कंड्याच्या जत्रेत होते, दर्शनाच्या रांगेत न लागता दर्शन घेत होते. विनोदभाऊंचा मला फोन आला.

"वासेकरभाऊ, सही झाली म्हन्ते टीव्हीवाला. साहेबाचं मत कुठी गेलं?"

मी म्हटलं, सांगतो. दोन दिवसांत ग्रामसभेचा निरोप आला. साहेबांनी यावं.

"मी आजारी हाव म्हना," साहेब म्हणाले.

"साहेब, निवडणूक जवळ आली."

"मंग गाडी काढा."

या वेळी खुर्ची आणलीच नव्हती. दसरूभाऊंनी सरळ विचारलं, मत दिलं का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं म्हणजे पीएने बोलायचं असतं. मी उभा राहिलो आणि जे त्या सकाळी दार लोटून सांगितलं होतं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. करार सरकार करतं. मतदान होत नाही. साहेबांनाच काय, कोणत्याच खासदाराला विचारत नाहीत. तारीख कधी येणारच नव्हती.

विनोदभाऊ खाली पाहत होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. झाला नाही.

"म्हंजे तुमाले कोनी विचारलंच नाई?" दसरूभाऊंनी साहेबांना विचारलं.

"नाई."

"आमाले बी नाई विचारलं. मंग त्या दिवशी हात काऊन वर केला?"

साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी मी उठलो नाही. मग सभा बोलत बसली, गोंडीत आणि मराठीत, बराच वेळ. एकाचं म्हणणं पडलं की मत दिलं नाही म्हणून दंड लावा. मैनाबाई म्हणाल्या, नाही. "मत त्याच्यापाशी नव्हतंच, त नाई देल्लं म्हनून दंड कसा? जे आपलं नाई ते देतो म्हनलं, त्याचा दंड लावा. दुसऱ्या गावच्या जंगलातला बांबू विकतो म्हनलं त आपन काय करतो?"

यावर एकमत झालं. दुसऱ्या गावचा बांबू विकणाऱ्याला त्या गावात जो दंड आहे तो साहेबांना लागला. गावजेवण. तांदूळ, डाळ, कोंबड्या, सगळं दंडवाल्याचं. साहेबांनी मान्य केलं. मान्य केलं नसतं तर सभा संपली नसती.

पुढच्या आठवड्यात दुपारी पंगत बसली. वर्तमानपत्रांसाठी प्रेसनोट मी लिहिली: "आदिवासी बांधवांसोबत स्नेहभोजन". फोटोसह छापून आली. दंडाचा उल्लेख जागेअभावी राहून गेला.

मेहरा मॅडम पंगतीच्याच दिवशी सकाळी करार झाल्याचे आभार मानायला चंद्रपूरला आल्या होत्या. साहेब म्हणाले, चला आमच्यासोबत, जंगल पाहा. मी डोळ्यांनी नको-नको केलं, पण त्या गाडीत बसल्याही. ऑफिसात कोणाला कोणत्या खोलीत बसवायचं हे माझ्या हातात होतं. पंगतीत खोल्या नसतात. जिथे जागा मिळाली तिथे माणसं बसली, आणि पळसाच्या पत्रावळीपुढे मेहरा मॅडम आणि विनोदभाऊ शेजारी शेजारी आले. जवळजवळ वर्ष झालं होतं दोघांना एकमेकांविरुद्ध झगडताना. त्यांची ही पहिली भेट होती.

पलीकडे केंद्राच्या ओट्यावर काड्यांचा ढीग होता. मॅडमनी सहज विचारलं, "ये क्या बनाते हैं यहाँ?"

"अगरबत्तीची काडी," विनोदभाऊ कोरडेपणाने म्हणाले. "अब बंद हो जाएगा. आपके करार से."

मॅडमना खरंच समजलं नाही. "हमारी डील से? क्यों?"

"उधर से सस्ती काडी आएगी ना."

"उधर से?" मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "सर, उधर से काडी कैसे आएगी? वहाँ तो बाँस होता ही नहीं. इतनी ठंड में बाँस कहाँ से होगा? उनसे हम मछली लेते हैं, मशीनें लेते हैं."

विनोदभाऊंचा हात वरणात तसाच राहिला. मी मध्ये पडलो. "मॅडम, फिर ये पहले क्यों नहीं बताया?"

"आपने कभी मिलवाया ही नहीं, सर. आप बस बोलते थे कि एक पार्टी विरोध में है. मुझे लगा आइडियोलॉजिकल होगा."

बातमी पंगतीतून शेवटपर्यंत गेली, गोंडीत भाषांतर होऊन परत आली. मैनाबाई वाढायचं भांडं खाली ठेवून हसायला लागल्या, मग सगळ्याच बाया हसायला लागल्या. हसणं थांबल्यावर कोणीतरी दसरूभाऊंना विचारलं की मग आता साहेबाचा दंड परत द्यायचा का.

दसरूभाऊंनी पत्रावळीकडे पाहिलं. "कोंबड्या खाल्ल्या ना आता."

काडी केंद्र चालू आहे. पूर्वीसारखंच, म्हणजे कसंबसं. पूर्वेकडच्या काड्या येत होत्या तशा येतातच, त्याबद्दल कोणी मत मागायला आलं नाही. साहेब पुढच्या निवडणुकीत त्या गावातून थोडे पुढे राहिले. स्नेहभोजनामुळे, असं त्यांचं अजूनही मत आहे. माझ्या जागी आलेल्या पीएला मी बरंच शिकवलं, फक्त दोन पार्ट्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचा नियम सांगितला नाही. तो त्याचा त्याने शोधून काढला.

पंगतीच्या दिवशी गावाहून परतल्यावर मी ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत गेलो. वर्ष संपून गेलं होतं, तरी ते दूतावासाचं कॅलेंडर कोणी काढलं नव्हतं. बरोबर त्याच्याखालच्या खुर्चीवर विनोदभाऊ वर्षभर येऊन बसत होते. मी ते उतरवलं आणि एकेक पान चाळलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बर्फ होता.